पॅनेलवरचे हलके ॲप्लेट: मोजणारा वेगळा, दाखवणारा वेगळा

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. जुन्या मशीनवर लिनक्स टाकून ती पुन्हा वापरात आणायचं काम मी बरीच वर्षं करतोय. अभ्यासिका, छोटी दुकानं, ओळखीच्यांची घरं. दोन जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, बॅटरी असली तर नावाला. बहुतेक ठिकाणी एक्सएफसीई, काही ठिकाणी माटे, दोन्ही लिनक्सचे हलके डेस्कटॉप. मशीन चालू झालं की आठवड्याभरात एक मागणी ठरलेली असते: "वर पट्टीवर अमुक आकडा कायम दिसेल का?" कुणाला बॅटरी, कुणाला तापमान. गोदाघाटावर दुकान असलेल्याला पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग हवा असतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलंय हे अख्खं नाशिक नंतर बघायला जातं, पण माल उचलायचा असेल तर क्युसेकचा आकडा आधी कळावा लागतो.

ही पट्टी म्हणजे पॅनेल, आणि तिच्यावर आकडा दाखवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ॲप्लेट किंवा प्लगिन. असे ॲप्लेट लिहिताना मी एकच पद्धत पाळतो, ती इथे सविस्तर मांडतो. ॲप्लेटचे दोन तुकडे करा. मोजणारा प्रोग्रॅम आकडा मिळवतो, एका साध्या फाईलमध्ये एक ओळ लिहितो आणि झोपतो. दाखवणारा ती ओळ वाचून पॅनेलवर लावतो. दाखवणाऱ्याला नेटवर्क, सेन्सर, वेबसाइट यातलं काहीही माहीत नसावं.

हे इतकं ठामपणे सांगण्याचं कारण म्हणजे पॅनेल टिकत नाहीत. ग्नोम २ या जुन्या डेस्कटॉपसाठी लोकांनी शेकडो ॲप्लेट लिहिले होते. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि त्याच्या नव्या शेलमध्ये, म्हणजे पॅनेल-खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रॅममध्ये, त्यांना जागाच उरली नाही. त्याच वर्षी ग्नोम २ मधून माटे फुटून निघालं, म्हणून त्यातले थोडेफार वाचले. एक्सएफसीई ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये जीटीके ३ वर (बटणं-लेबलं काढणाऱ्या टूलकिटची पुढची आवृत्ती) गेलं आणि ४.१६ पासून जीटीके २ चे जुने प्लगिन चालेनासे झाले. आता डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडचा (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्सच्या जागी येणारी व्यवस्था) प्रायोगिक आधार आलाय, म्हणजे पुढची उलथापालथ दारात उभी आहे. आकडा आणण्याचं डोकं दाखवणाऱ्या तुकड्यातच कोंबलेलं असेल तर दर वेळी सगळं पुन्हा लिहायचं. वेगळं असेल तर वीस-पंचवीस ओळींत काम भागतं.

एक्सएफसीईवर दाखवणाऱ्यासाठी सी लिहायचीही गरज नाही. जेनेरिक मॉनिटर नावाचा प्लगिन आहे, सगळे त्याला जेनमॉन म्हणतात. तुम्ही सांगाल ती कमांड तो ठराविक सेकंदांनी चालवतो आणि तिचं आउटपुट पॅनेलवर छापतो. मजकुरासाठी एक टॅग, टूलटिपसाठी (माऊस वर नेल्यावर उघडणारी चिठ्ठी) दुसरा, चित्र, पट्टी, क्लिक केल्यावर चालायची कमांड यांना आपापले टॅग. पँगोचं मार्कअप (अक्षरांचा रंग-जाडी सांगायच्या खुणा) चालतं, त्यामुळे आकडा लाल करायचा तर तोही होतो.

हलकेपणा बिघडतो तो स्क्रिप्टमध्ये. बॅटरीचा आकडा दाखवायला लोक कॅट, ग्रेप, ऑक, कट अशी साखळी लावतात. दर दोन सेकंदांनी चार-पाच नव्या प्रोसेस जन्माला येतात आणि मरतात, त्याही कर्नलने सिस-फाईलसिस्टममध्ये आधीच मांडून ठेवलेला एक आकडा वाचायला. कमांड चालवणाऱ्या शेलची स्वतःची रीड कमांड ती फाईल थेट वाचते, एकही नवी प्रोसेस न काढता. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशऐवजी साधा एसएच लिहा. डेबियन आणि उबुंटूवर तो डॅश असतो आणि झटकन सुरू होतो. आणि बॅटरी दोन सेकंदांत बदलत नसते, साठ सेकंद ठेवा.

मोजणाऱ्यासाठी सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) युजर टायमर उत्तम. त्याची अचूकता मुळातच एक मिनिटाची असते. त्या मिनिटात तो बाकीच्या टायमरबरोबर आपलं काम उरकतो, त्यामुळे सीपीयूला वेगळं उठावं लागत नाही. खोटं वाटत असेल तर पॉवरटॉप लावून बघा, कोण किती वेळा उठवतंय ते समोर दिसतं.

फाईल ठेवायची ती रन फोल्डरमधल्या युजरच्या जागेत. ती जागा रॅममध्ये असते, हार्डडिस्क फिरत नाही आणि लॉगआउट झालं की साफ होते. लिहिताना मात्र थेट त्या फाईलवर लिहू नका. शेजारी तात्पुरती फाईल लिहा आणि एमव्हीने तिचं नाव बदला. एकाच फाईलसिस्टममध्ये नाव बदलणं अखंड घडतं, वाचणाऱ्याच्या हाती जुनी ओळ येते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही.

बागाईतदार

दादा, अगदी माझ्या कामाचा विषय काढलात. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. बागेत एक नोडएमसीयू नावाचा छोटा वायफाय बोर्ड लावलाय, त्याला डीएचटी २२ सेन्सर. तापमान आणि आर्द्रता वायफायवरून घरातल्या जुन्या लॅपटॉपवर येते, तिथे मॉस्किटो ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारा प्रोग्रॅम, चालतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते. पानावर दव किती वेळ राहतं यावर सगळं. म्हणून मला नुसती आर्द्रता नको, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव पडू लागतं ते) यातलं अंतर पॅनेलवर हवंय. रात्रीची लाईट असली की मोटर लावायला उठावंच लागतं, तेव्हा लॅपटॉपकडे एक नजर टाकली की कळलं पाहिजे. लॅपटॉप बऱ्याचदा बॅटरीवर असतो, त्यामुळे जड काही चालणार नाही.

पंचवटीकर

भाऊ, तुमच्याकडे तर टायमरचीसुद्धा गरज नाही. मॉस्किटोबरोबर येणारी सबस्क्राइब कमांड सतत चालू ठेवा. ती सॉकेटवर झोपून राहते, निरोप आला की एक ओळ बाहेर टाकते. ती ओळ शेलच्या लूपमध्ये घ्यायची, दवबिंदू काढायचा, फाईल बदलायची. बोर्डानेही दर पाच मिनिटांनी आकडा पाठवला तरी बागेसाठी पुष्कळ. डीएचटी २२ दोन सेकंदांच्या आत दुसरं रीडिंग देतच नाही, आणि तापमानात अर्ध्या अंशाचा फरक तो धरूनच चालतो.

दवबिंदूसाठी मॅग्नसचं सूत्र वापरा. आर्द्रतेला शंभराने भागून त्याचा नैसर्गिक लॉग घ्या. त्यात १७.६२ गुणिले तापमान भागिले (२४३.१२ अधिक तापमान) मिळवा. या बेरजेला गॅमा म्हणू. दवबिंदू म्हणजे २४३.१२ गुणिले गॅमा, भागिले (१७.६२ वजा गॅमा). तापमान १८ अंश आणि आर्द्रता ९२ टक्के घेतली तर गॅमा साधारण १.१३ येतो, दवबिंदू १६.७. म्हणजे अंतर जेमतेम १.३ अंश, पानं ओली व्हायच्या बेतात. शेलला अपूर्णांक जमत नाहीत, तेव्हा इथे ऑक एकदा बोलवावाच लागेल. पाच मिनिटांतून एकदा, त्याची काळजी नको.

सेन्सरचा डबा पांढरा, बाजूने झिरपा असलेला आणि खालून उघडा ठेवलाय ना? ऊन थेट पडलं तर दुपारचे आकडे कामाचे राहत नाहीत.

बागाईतदार

डबा तसाच आहे, मांडवाच्या सावलीत, घडांच्या उंचीवर टांगलाय.

नवशिकी

पंचवटीकर काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेनमॉन समजलं, पण मला खरा प्लगिन सीमध्ये लिहून बघायचाय. कुठून सुरुवात करू? आणि लिहायची गरज नक्की कधी पडते?

पंचवटीकर

गरज कधी पडते ते आधी सांगतो. आकड्याऐवजी आलेख काढायचा असेल, माऊसचं चाक फिरवून काही बदलायचं असेल, किंवा सेटिंगची स्वतःची खिडकी हवी असेल तेव्हा. नुसता मजकूर दाखवायला सी लिहू नकोस.

आता रचना. एक्सएफसीई पॅनेलची लायब्ररी आणि तिची डेव्हलपमेंट पॅकेज बसव. तुझा प्लगिन म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी आणि एक डेस्कटॉप फाईल, बस. कोडमध्ये एक नोंदणीचा मॅक्रो असतो, त्याला तुझं बांधणीचं फंक्शन द्यायचं. त्या फंक्शनात पॅनेल तुला एक रिकामा प्लगिन-विजेट देतं, त्यात तू लेबल ठेवायचंस.

डेस्कटॉप फाईलमधली 'इंटर्नल' ओळ नीट बघ. ती नाही ठेवलीस की पॅनेल तुझा प्लगिन एका वेगळ्या रॅपर प्रोसेसमध्ये चालवतं. कोसळला तर तो एकटाच कोसळतो, पॅनेल शाबूत राहतं आणि पुन्हा सुरू करायचा का असं विचारतं. शिकताना तर हे सोन्यासारखं आहे. ती ओळ हो केलीस की प्लगिन पॅनेलच्याच पोटात चालतो, थोडी मेमरी वाचते, पण एक चुकीचा पॉइंटर आणि अख्खी पट्टी गायब.

मग सिग्नल. आकार बदलल्याचा सिग्नल पकडून हो असं उत्तर परत द्यायचं, नाहीतर पॅनेल तुझ्या विजेटचा आकार स्वतःच ठरवतं. मोड बदलल्याचा सिग्नल पकडायचा, कारण एक्सएफसीईचं पॅनेल आडवं असतं, उभं असतं आणि डेस्कबारही (उभंच, पण मजकूर आडवा) असतं. उभ्या पॅनेलमध्ये लेबल नव्वद अंशांत वळवावं लागतं, डेस्कबारमध्ये नाही. आणि शेवटचा, बरेच जण विसरतात तो, मोकळं करण्याचा सिग्नल. वापरकर्त्याने प्लगिन काढून टाकला तरी तुझा टायमर मुख्य लूपमध्ये जिवंतच असतो. पुढच्या ठोक्याला तो मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालणार. त्या सिग्नलमध्ये टायमरचा सोर्स काढून टाक.

टायमर लावताना ग्लिबचा (जीटीकेखालची मूळ लायब्ररी) मिलिसेकंदवाला न वापरता सेकंदवाला वापर. सेकंदवाले टायमर ग्लिब एकत्र जुळवून उठवतं.

पण तुझ्या बाबतीत टायमर तरी कशाला? फाईल बदलली की कळेल अशी सोय कर, कर्नलमधली आयनोटिफाय त्यासाठीच आहे. इथे एक खाच आहे. मोजणारा एमव्हीने नाव बदलतो म्हणजे दर वेळी नवी फाईल त्या जागी येते. तू जुन्या फाईलवर पहारा लावलास तर पहिल्या बदलानंतर सगळं शांत. पहारा फोल्डरवर लावायचा आणि नाव जुळतं का ते बघायचं. ग्लिबबरोबर येणाऱ्या जीआयओचा फाईल मॉनिटर हे आपलं आपण सांभाळतो, सुरुवात त्यानेच कर.

जुनाखांब

सातपूरला एका वर्कशॉपमध्ये माझं मशीन आजही विंडो मेकरवर आहे, त्यामुळे दोन शब्द त्याच्या ॲप्लेटबद्दल, म्हणजे डॉकॲपबद्दल. विंडो मेकर हा १९९७ पासूनचा विंडो मॅनेजर, नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या धर्तीचा. त्याच्या गोदीत बसणारा डॉकॲप म्हणजे ६४ बाय ६४ पिक्सेलची एक खिडकी. कुठलीही पॅनेल लायब्ररी नाही. एक्सलिब या एक्सच्या मूळ लायब्ररीने खिडकी उघडायची, विंडो मॅनेजरसाठीच्या सूचनांमध्ये सुरुवातीची अवस्था 'मागे घेतलेली' अशी लिहायची आणि आयकॉनची खिडकी म्हणून आपली खिडकी द्यायची. विंडो मेकर ती उचलून गोदीत बसवतो. फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स या दुसऱ्या विंडो मॅनेजरांची स्लिट आणि डॉकही तेच करतात. पंचवटीकरांनी पॅनेल टिकत नाहीत असं लिहिलंय. हा करार मात्र टिकलाय, कारण तो टूलकिटशी नाही, एक्सच्या जुन्या नियमांशी आहे.

नवशिकीताईंनी शिकायला म्हणून एक डॉकॲप जरूर लिहावा. चित्र एक्सपीएममध्ये असतं, म्हणजे सीच्या सोर्समध्येच अक्षरांनी रेखाटलेलं. मी ० ते ९ हे देवनागरी अंक सहा बाय नऊच्या चौकटीत हाताने काढून ठेवलेत. फॉन्ट नाही, शेपिंग (अक्षरं जोडून मांडणं) नाही, नुसता तुकडा उचलून जागेवर ठेवायचा. ५ आणि ६ इतक्या लहान आकारात सारखे दिसू लागतात, तिथे ५ चा खालचा दांडा एक पिक्सेल लांब करावा लागला.

जुन्या बऱ्याच डॉकॲपमध्ये एक सवय दिसते: लूपमध्ये काही मिलिसेकंद झोपायचं, एक्सकडे काही आलंय का विचारायचं, पुन्हा झोपायचं. ती उचलू नका. एक्सच्या जोडणीचा फाईल डिस्क्रिप्टर मिळतो, तो पोल या सिस्टम कॉलला द्या आणि पुढच्या खऱ्या कामापर्यंतचा वेळ टाइमआउट म्हणून द्या. मध्ये कुणी उठवणार नाही.

सिडकोवाला

चर्चा छान चाललीय, पण प्लाझ्मा आणि ग्नोमवाल्यांचं काय? आमच्या ऑफिसात निम्मे लोक केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर, दोघं-तिघं ग्नोमवर, एक जण वेलँडवरच्या स्वेवर. प्रत्येकासाठी वेगळा ॲप्लेट लिहिण्यापेक्षा सरळ ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाशेजारच्या छोट्या आयकॉनच्या जागेत, आयकॉन का टाकू नये? ट्रे-आयकॉनची स्टेटस नोटिफायर आयटम ही पद्धत डी-बसवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) चालते, एक्सवर अवलंबून नाही, एकदा लिहिली की सगळीकडे.

पंचवटीकर

सगळीकडे हे अर्धंच खरं आहे. एक्सवरच चालणारा जुना एक्सएम्बेडचा ट्रे वेलँडवर आपोआप चालत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहेच. स्टेटस नोटिफायर प्लाझ्मावर, एक्सएफसीईवर, स्वेबरोबर वापरतात त्या वेबार पट्टीवर चालतो. ग्नोमने २०१७ मध्ये ३.२६ पासून ट्रे काढून टाकला, तिथे एक्स्टेन्शन लागतं. आणि मुख्य अडचण म्हणजे त्याचा गाभा आयकॉनचा आहे. आयकॉनशेजारी मजकूर दाखवायची सोय अयाताना इंडिकेटर या प्रकल्पाने जोडली, पण ती प्रत्येक पॅनेल मानत नाही. हिरवा-पिवळा-लाल एवढंच सांगायचं असेल तर ट्रे जरूर वापरा. बागाईतदारांना १.३ हा आकडा वाचायचाय, तिथे तो कमी पडतो.

तुमच्या ऑफिसला फाईलची पद्धत जास्त उपयोगी पडेल. स्वेवाल्याला वेबारमध्ये एक कस्टम मॉड्यूल, तो स्क्रिप्टकडून जेसनची ओळ घेतो. मजकूर, टूलटिप आणि क्लास. क्लासला सीएसएसमध्ये रंग. प्लाझ्मावर क्यूएमएल या भाषेतला छोटा विजेट. प्लाझ्मा ६ (फेब्रुवारी २०२४) पासून मुळातला घटक प्लाझ्मॉइड आयटम असावा लागतो आणि माहिती जेसनच्या मेटाडेटा फाईलमध्ये, म्हणून ५ साठीचे जुने नमुने जसेच्या तसे उचलू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. एक्सएफसीईत बाहेरचा प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो, माटेचे ॲप्लेटही बहुधा तसेच. सिनॅमन या डेस्कटॉपचा ॲप्लेट आणि ग्नोमचं एक्स्टेन्शन हे जावास्क्रिप्ट, आणि ते खुद्द शेलच्या प्रोसेसमध्ये चालतं. प्लाझ्माचा विजेट प्लाझ्माशेलमध्ये. तिथे तुम्ही नेटवर्कवरून काही थांबून वाचलंत, किंवा बाहेरची कमांड चालवून तिची वाट पाहिलीत, तर सिनॅमन-ग्नोमवर त्या वेळात खिडकी हलवणंसुद्धा थांबतं. वापरकर्ता म्हणतो लिनक्स अडकतं, आणि अडकवलेलं असतं एका हवामानाच्या ॲप्लेटने. रॅममधली एक ओळीची फाईल असिंक पद्धतीने, म्हणजे बाकीचं न अडवता, वाचणं हा त्यावरचा सगळ्यात सुरक्षित उपाय आहे.

सिडकोवाला

पटलं. शेलच्या पोटात चालतं हे माहीत होतं, पण त्या नजरेने विचार केला नव्हता. स्वेवाल्याचं आजच करून टाकतो. वेबारला रिअल-टाइम सिग्नल पाठवून मॉड्यूल ताजं करता येतं, तेव्हा मोजणाऱ्यानेच फाईल लिहून झाल्यावर सिग्नल द्यावा, म्हणजे सारखं विचारत राहणं (पोलिंग) नको.

पंचवटीकर

बरोबर. जेनमॉनलाही तशी सोय आहे: पॅनेलच्या कमांडला प्लगिन-इव्हेंटचा पर्याय देऊन रिफ्रेश पाठवायचा, जेनमॉनच्या क्रमांकासह. फक्त हे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्रॅम) पाठवलंत तर पोचत नाही, कारण क्रॉनला सेशनच्या डी-बसचा पत्ता माहीत नसतो. सिस्टमडीच्या युजर सर्व्हिसमधून पाठवा.

नवशिकी

माझं लेबल चालू झालं! पण दोन त्रास आहेत. आकडा ९.९ वरून १०.१ झाला की शेजारचं घड्याळ उजवीकडे सरकतं. आणि "दव अंतर" असं मराठीत लिहिलं की पॅनेल जाड होतं, इंग्रजीत लिहिलं की नाही.

पंचवटीकर

पहिल्यासाठी लेबलची रुंदी अक्षरांत ठरवून टाक, जीटीकेत त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. लेबलची रुंदी बदलली की सगळ्या पॅनेलची मांडणी पुन्हा होते, म्हणजे हे दिसायलाच वाईट नाही, फुकटचं कामही आहे. मजकूर तोच असेल तर लेबलला पुन्हा देऊच नकोस.

दुसरा प्रश्न फॉन्टचा. देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून फॉन्ट ओळीची उंची जास्त मागतो. नोटो सॅन्स देवनागरी त्यात सढळ आहे. लोहित देवनागरी घालून बघ, कमी उंचीत बसतो का ते. २४ पिक्सेलच्या पट्टीत मी आकडा तेवढा पॅनेलवर ठेवतो आणि मराठी मजकूर टूलटिपमध्ये पूर्ण वाक्यात देतो. टूलटिपला जागेची चणचण नसते.

बागाईतदार

दादा, बसवलं, चाललं. पण परवा संध्याकाळी बागेतल्या बोर्डाची लाईट गेली. लॅपटॉपवर संध्याकाळचा ६.४ तसाच राहिला. पहाटे उठून बघतो तर पॅनेल म्हणतंय अंतर ६.४ आणि बागेत पानं ओलीचिंब. आकडा बंद पडला असता तर मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो असतो. यावर काय करायचं?

पंचवटीकर

भाऊ, हा या सगळ्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. चुकीचा आकडा दाखवणारा ॲप्लेट नसलेल्या ॲप्लेटपेक्षा वाईट, आणि शिळा आकडा हा चुकीचाच आकडा.

मोजणाऱ्याने फाईलमध्ये दोन गोष्टी लिहायच्या: आकडा आणि तो कधी आला त्याचे युनिक्स सेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले). दाखवणारा वाचताना आत्ताच्या वेळेतून ते वजा करतो. तुमचा बोर्ड पाच मिनिटांनी पाठवतो, तर पंधरा मिनिटांपेक्षा जुना आकडा असेल तेव्हा आकडा न छापता नुसती रेघ छापायची, पिवळ्या रंगात, आणि टूलटिपमध्ये शेवटची वेळ.

आणि यासाठी वर बोललो त्यात एक भर हवी. नुसता रिफ्रेशचा इव्हेंट ठेवलात तर बोर्ड मेल्यावर इव्हेंटच येणार नाही, म्हणजे रेघ छापायलाही कुणी उठणार नाही. म्हणून जेनमॉनचा कालावधी तीनशे सेकंद ठेवा. नवा आकडा इव्हेंटने लगेच दिसेल, बंद पडलेला पाच मिनिटांच्या ठोक्याला उघडा पडेल. पाच मिनिटांतून एकदा उठण्याने बॅटरीला काही होत नाही.

विसर्गाच्या ॲप्लेटलाही मी हेच लावलंय. तिथे आकडा कुणीतरी हाताने फाईलमध्ये टाकतं, म्हणून क्युसेकच्या शेजारी वेळ पॅनेलवरच छापतो, टूलटिपमध्ये नाही. घाटावरच्या माणसाला सकाळी सातचा विसर्ग दुपारी दोनला वाचायला देणं बरोबर नाही.

नवशिकी

काका, सीच्या प्लगिनमध्ये पण हे टाकते. फाईल मॉनिटर तसाच ठेवून वर तीनशे सेकंदांचा टायमर, आणि मोकळं करताना दोन्ही काढायचे, बरोबर ना?

पंचवटीकर

बरोबर. मॉनिटर आधी रद्द कर, मग टायमरचा सोर्स काढ. झालं की कोड इथेच टाक, बागाईतदारांच्या लॅपटॉपवर लावून बघू.

बागाईतदार

रविवारी छाटणीची माणसं नाहीत, लॅपटॉप मोकळा आहे. पाठवा, लावतो. रेघेची ओळ जेनमॉनमध्ये टाकली, बोर्डाची वायर काढून बघितली, वीस मिनिटांच्या आत पिवळी रेघ आली.